छाटणी कात्रीचं ताठ म्यान: भिजवणं, बसवणं, वापरणं

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि सुपर सोनाका या जातींची. छाटणीत दिवसभर कात्री हातात असते. काडी ओढायला किंवा तार सोडवायला हात मोकळा करायचा झाला की ती खिशात जाते, काखेत जाते, नाहीतर तारेला अडकवली जाते. खिसे फाटतात, मांडीला टोक लागतं आणि तारेवरची कात्री ओळीच्या दुसऱ्या टोकाला राहून जाते. म्हणून यंदा कमरेला लावायचं चामड्याचं म्यान करून घेतलं. नवं जाड चामडं लाकडासारखं ताठ असतं, कात्री त्यात निम्मीसुद्धा जात नाही. ते कसं बसवलं ते इथे लिहून ठेवतोय. छाटणीच्या तोंडावर कुणाला करायचं असेल तर आमचा गेलेला वेळ त्यांचा वाचेल.

११ ऑगस्ट २०२४

म्यान हातात आलं. कोल्हापुरात चपला करणाऱ्या एका काकांकडून शिवून घेतलं. म्हशीचं चामडं, जाडी साधारण ४ मिमी, चपलेच्या तळासाठी वापरतात तसलं. चामडं आणि शिलाई मिळून ४५० रुपये. दोन तुकडे एकमेकांवर ठेवून कडेनं शिवलेत, मागचा तुकडा वर लांब ठेवून पट्ट्यासाठी दुमडलाय.

माप आमच्या लाल दांड्याच्या फेल्को कंपनीच्या कात्रीचं दिलं होतं, साडेएकवीस सेंटीमीटर लांबीची. कागदावर कात्री ठेवून रेघ मारली आणि कडेनं दीड सेंटीमीटर सोडलं. पण कात्रीला जाडीही असते. चामडं वाकून त्या जाडीला जागा देईपर्यंत ती आत जात नाही. आत्ता पातं जेमतेम जातं आणि स्प्रिंगपाशी अडतं.

काकांकडून त्याच चामड्याच्या कातरणीही मागून घेतल्या. हे करावंच. जे काही करून बघायचं ते आधी कातरणीवर.

१३ ऑगस्ट

आधी चामडं कसलं आहे ते तपासलं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कातरणीची कड ताजी कापली तर आतपर्यंत एकसारखा तपकिरी रंग दिसला. पाण्याचा थेंब टाकला की डाग गडद होतो आणि थेंब मुरतो. म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं. कोल्हापुरी चपलेची जुनी पद्धत हीच आहे: कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात साल, हिरडा आणि पाणी भरून टांगायची, रस झिरपत राहतो. असं चामडं ओलं असताना जो आकार द्याल तो वाळल्यावर धरून ठेवतं. क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांत) कमावलेलं चामडं, म्हणजे बाजारातल्या बहुतेक पिशव्या-पाकिटांचं, कापल्यावर मधोमध निळसर-करडं दिसतं. ते मुळातच मऊ असतं पण आकार धरत नाही. म्यानासाठी ते घेऊ नये.

मग कातरणींवर तीन प्रकार करून बघितले.

पहिला, तेल. शेजारचे तात्या म्हणाले, "विहिरीचं पाणी ओढायच्या चामड्याच्या मोटेला आम्ही करंजाचं तेल पाजायचो. तसं रात्रभर बुडवून ठेव, लोण्यासारखं होईल." झालं खरं मऊ. पण ती पट्टी हातात धरली की मान टाकते, दाबली की दबते, सोडली की सरळ होते, आकार घेतच नाही. वर फडक्याला तेल लागत राहतं ते वेगळंच. तात्यांचं मोटेपुरतं बरोबर होतं. मोटेची सोंड वाकावी लागायची, दर फेरीला दुमडायची आणि उलगडायची. म्यानानं उभं राहायचं असतं.

दुसरा, गरम पाणी. चहाइतक्या गरम पाण्यात पट्टी टाकली तर डोळ्यांदेखत आखडली, आक्रसून वाकडी झाली आणि वाळल्यावर कवठाच्या कवचासारखी टणक. वाकवली तर तडा गेला. असं कमावलेलं चामडं ओलं असताना सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास आक्रसतं आणि परत पूर्ववत होत नाही. गरम पाणी, इस्त्री, हेअर ड्रायर, चुलीची धग, सगळं बाद.

तिसरा, साधं माठातलं पाणी. बुडबुडे थांबेपर्यंत बुडवली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, मग बाटलीच्या मानेभोवती आवळून सावलीत वाळवली. वाळली तेव्हा बाटलीची गोलाई तशीच राहिली आणि दाबली तरी मोडली नाही.

त्यामुळे ठरलं की आकार पाण्यानं द्यायचा, तेल सगळ्यात शेवटी आणि थोडं. तेल एकदा मुरलं की पाणी नीट शिरत नाही, मग आकार बदलायचा म्हटलं तरी बदलता येत नाही. हे पुढे फार उपयोगी पडलं.

१७ ऑगस्ट

भिजवण्याआधी म्यान स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोललं: १३२ ग्रॅम. बुडबुडे थांबल्यावर बाहेर काढलं, पाणी निथळू दिलं, पुन्हा तोललं: १९४ ग्रॅम. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवला. पावसाळी हवेत चामडं वाळलं की नाही ते हाताला कळत नाही. वरून कोरडं लागतं, आत ओल असते. काटा फसत नाही.

लगेच कात्री कोंबायची नाही. चिंब चामड्यावर बोटाचे ठसे उठतात आणि शिलाईची भोकं ताणून मोठी होतात. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवलं, म्हणजे ओल सगळीकडे सारखी होते.

१८ ऑगस्ट

सकाळी फडकं काढून तसंच ठेवलं आणि रंग उजळायला लागायची वाट पाहिली. वरचा रंग मूळ रंगाकडे येतोय पण स्पर्श अजून गार आहे, ही बसवण्याची वेळ.

कात्रीची तयारी: पात्याला तेल, खटका लावून बंद, वर पातळ फडक्याचा एक वेढा, त्यावर स्वयंपाकघरातल्या चिकट प्लास्टिकचे तीन वेढे. फडक्याचा वेढा मुद्दाम घातला, कारण चामडं वाळताना थोडं आवळतं. नुसत्या कात्रीवर बसवलं तर नंतर दोन्ही हातांनी उपसावी लागेल.

आत घालताना जोर लागला. टोक खाली धरून कात्री इकडेतिकडे हलवत, ओरबाडू न देता सरकवली. मग बाहेरून दाबून आकार काढायला घेतला. त्यासाठी बांबूची पट्टी पॉलिश पेपरनं घासून गोल कडेची करून घेतली. नखानं किंवा चमच्याच्या धारेनं दाबू नये, ओरखडा कायमचा राहतो. आधी अंगठ्यानं मोठे उंचवटे शोधायचे, म्हणजे मधला बोल्ट, स्प्रिंग आणि दांड्यांचा बाक. मग त्यांच्या कडेनं पट्टी हलकी ओढत जायचं. एका दमात होत नाही. थोडं दाबायचं, थांबायचं, चामडं जरा सुकलं की तीच रेघ पुन्हा. सुकत जाईल तशी रेघ ठळक बसते. शिलाईच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावले, खाली कातरणीचे तुकडे ठेवून, म्हणजे चिमट्याचे दात उमटत नाहीत.

जिथे आकार काढला नाही ती जागा म्हणजे तोंड. तिथे उलट केलं, दोन बोटं आत घालून बाहेरच्या अंगाला किंचित फाकवलं. तोंड ताठ आणि उघडं राहिलं तरच न बघता एका हातानं कात्री परत आत जाते. तोंड मऊ पडून चपटं झालं की दरवेळी दुसऱ्या हातानं उघडायला लागतं, मग म्यान असून नसल्यासारखं.

२२ ऑगस्ट

वजन १३९. अजून ओल आहे. रात्री पाऊस, दिवसा ढग. कात्री आत ठेवूनच घराच्या आतल्या बाजूला, पंख्याच्या वाऱ्यावर टांगलंय. पहिल्या दिवशी आकार धरल्यावर आतून वारं लागावं म्हणून कात्री काढून घेतली होती, पण तोंड मिटायला लागलं म्हणून परत घातली.

दोन गोष्टी बिघडल्या. मागच्या दुमडीत, जिथे हवा पोचत नाही, पांढरी बुरशी आली. सर्जिकल स्पिरिट फडक्यावर घेऊन पुसली आणि दुमडीत बांबूचा तुकडा सारून ती उघडी ठेवली. ऑगस्टमध्ये हे करणाऱ्यांनी हा तुकडा पहिल्या दिवसापासून घालावा.

दुसरी गोष्ट, कात्रीच्या खालच्या आकड्यासारख्या पात्याच्या कोपऱ्यानं प्लास्टिक फाडलं आणि तिथे चामड्याला शाईसारखा काळा डाग पडला. लोखंड आणि हिरड्यातला तुरट रस ओलाव्यात भेटले की हे होणारच. जुनी काळी शाई हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांच्याच मेळातून करायचे. लिंबाची फोड डागावर फिरवून थोडा वेळ ठेवली, मग साध्या पाण्याच्या फडक्यानं नीट पुसून काढलं. आम्ल आत राहिलं तर चामडं कुजवतं, म्हणून पुसणं महत्त्वाचं. डाग फिका झाला, पूर्ण गेला नाही. कात्रीच्या कोपऱ्यांवर आधी चिकटपट्टीचा तुकडा लावून मग प्लास्टिक गुंडाळावं.

२५ ऑगस्ट

वजन १३४, आणि कालपासून बदललेलं नाही. हवेतला ओलावा धरता हे कोरडंच. कात्री काढली. आकार सुरेख धरलाय, बोल्टचा गोल बाहेरून दिसतो. उलटं करून हलवलं तरी कात्री पडत नाही आणि एका हातानं ओढली की येते. घरातल्या घरात सगळं झकास.

२९ ऑगस्ट

आगाप, म्हणजे लवकरच्या छाटणीच्या प्लॉटवर नेलं. इथे खरी परीक्षा झाली आणि म्यान नापास.

मी ते खटका लावलेल्या बंद कात्रीवर बसवलं होतं. छाटणीत खटका कुणीच लावत नाही. काडी कापली, कात्री खाली, काडी ओढली, कात्री वर, एवढंच चालतं. खटका न लावता घालायची तर दांडे स्प्रिंगनं फाकलेले असतात आणि तोंडाशी अडतात. दर वेळी मूठ आवळून घालावी लागत होती. दुपारपर्यंत छाटणीच्या टोळीतल्या ज्यांनी ज्यांनी घालून बघितलं त्यांनी परत दिलं.

शिवाय खालच्या टोकाला शिलाई सैल झाली. काकांनी सुती दोरा वापरला होता, चपलेला तो पुरतो. इथे ओल्या ताणात तो लांबला, आणि पात्याची धार आतून टाक्यांवर घासत होती. एक टाका अर्धा कापलेला निघाला.

१ सप्टेंबर

तेल लावलेलं नव्हतं म्हणून वाचलो, म्यान पुन्हा भिजवता येणार होतं.

आधी धारेकडच्या बाजूची शिलाई उसवली. दोन तुकड्यांच्या मध्ये त्याच चामड्याची एक सेंटीमीटर रुंद पट्टी घातली. आता धार टाक्यांपर्यंत पोचत नाही, पट्टीवर अडते. पट्टीमुळे त्या बाजूला आत ४ मिमी जागाही वाढली, ती हवीच होती. चांभारी आरीनं (टोच्यानं) जुनीच भोकं पट्टीतून आरपार पाडली आणि मेण लावलेल्या नायलॉन दोऱ्यानं दोन सुयांनी शिवलं. दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोरून जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी बाकीची शिलाई उसवत नाही. दोरा ६० रुपये. अंगठ्याला चामड्याची टोपी घालून बसावं, तीन थरांतून सुई सहज जात नाही. अर्धा दिवस गेला.

खाली टोकाला पेन्सिल जाईल एवढं भोक ठेवलं. त्यातून भुसा, चीक आणि पाणी खाली पडतं. ते नसेल तर तळाशी ओला गाळ साचून पात्याचं टोक गंजतं.

मग पहिल्यासारखंच भिजवलं, रात्रभर गुंडाळून ठेवलं. या वेळी कात्रीचा खटका काढला आणि दोन दांड्यांमध्ये लाकडी पाचर घातली, दोन सेंटीमीटरची. म्हणजे दांडे हातातून सुटतात तेव्हापेक्षा थोडे कमी फाकलेले, पण बंद नाहीत. पाती किंचित उघडी राहतात, तेवढीच जागा मधल्या पट्टीनं करून दिलीय. आता खटक्याशिवाय कात्री घातली की स्प्रिंग दांड्यांना बाहेर ढकलते आणि त्या दाबानंच ती म्यानात धरून राहते. चामड्यानं आवळायची गरज उरत नाही.

८ सप्टेंबर

आज तासगावच्या गणपतीचा रथ. काम बंद. म्यान पंख्याखाली, वजन १४९. पट्टी आणि दोरा धरून नवं कोरडं वजन १४३ होतं, म्हणजे अजून ओल आहे.

११ सप्टेंबर

कोरडं झालं. आधी बागेत नेऊन अर्धा दिवस वापरलं आणि मगच तेलाला हात लावला. आकार पटला नसता तर तिसऱ्यांदा भिजवलं असतं. गरज पडली नाही. न बघता जाते, न बघता येते.

तेल कुठलं यावर बरंच ऐकायला मिळालं. जवसाचं तेल वाळून कडक आणि चिकट थर धरतं, त्यामुळे ते नको. सूर्यफूल वगैरे खायची तेलं कालांतरानं चिकट आणि खवट होतात. खोबरेल चालतं, पण थंडीत गोठून वर पांढुरकं दिसतं. मी एरंडेल घेतलं, ते वाळत नाही.

दुमडीवर, जिथे पट्टा फिरतो आणि चामडं रोज वाकणार, तिथे तेल मनापासून चोळलं. दोन हात दिले, मध्ये एक दिवस सोडून. बाकी म्यानाच्या बाहेरच्या अंगाला फडक्यावरचे पाच-सहा थेंब, तेवढंच. तोंडाला अजिबात नाही. आतल्या बाजूलाही नाही, कारण आतलं तेल दांड्यांना लागतं आणि कात्री हातातून निसटते. म्यान सगळीकडे सारखं मऊ व्हायला नकोच आहे. वाकणारी जागा मऊ आणि धरणारी जागा ताठ, एवढं साधलं की झालं.

पाण्यापासून बचावासाठी वरून मेण. मधमाशीचं मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या वाटीत वितळवलं, निम्मं एरंडेल मिसळलं, गार होऊन मलम झाल्यावर बाहेरून पातळ चोळलं. वितळलेलं गरम मेण थेट ओतू नका, चामडं त्या जागी कडक होतं आणि रंग बदलतो. मेण ८० रुपये, एरंडेल ६०. दोन्ही बरंच उरलंय. कडा डिंकाचं पाणी लावून जाड कापडानं रगडल्या, तंतू बसून गुळगुळीत झाल्या.

२६ सप्टेंबर

छाटणी जोरात सुरू. म्यान मी वापरतोय ते ठीक, पण आमच्या बागेत काम करणाऱ्या काकींनी मागितलं तेव्हा लक्षात आलं की कमरेला पट्टा असणारच असं आपण गृहीत धरलं होतं. बायका साडीवर पुरुषी शर्ट घालून काम करतात, कमरेला पट्टा नसतो. ओढणीची गाठ बांधून म्यान अडकवलं तर वजनानं पुढे सरकतं आणि वाकलं की पोटात रुततं. दप्तराची जुनी नायलॉन पट्टी आणि नवं प्लास्टिक बक्कल असा वेगळा कंबरपट्टा केला, ७० रुपये. काकी म्हणाल्या, "बाजूला नको रं, मागं घे जरा. वाकल्यावर दांडा बरगडीला लागतोय." उजव्या कमरेच्या मागच्या अंगाला, टोक किंचित पुढे, अशी जागा ठरली. वाय मांडवाखाली (इंग्रजी Y आकाराच्या मांडवाखाली) वाकून चालताना तीच बरोबर आहे. मीही माझं तसंच मागे घेतलं.

एक सूचना कळकळीनं करतो. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावणाऱ्यानं म्यान कमरेला ठेवू नये, आणि पेस्टच्या हातानं त्याला हात लावू नये. ते रसायन कातडीला घातक आहे. चामडं ते पिऊन घेतं, धुऊन निघत नाही आणि दिवसभर अंगाला टेकून राहतं. पेस्टच्या दिवशी म्यान घरी.

१४ ऑक्टोबर

परतीच्या पावसात म्यान पूर्ण भिजलं. मेणामुळे पाणी बाहेरून फारसं शिरलं नाही, पण तोंडातून आत गेलं. घरी आल्यावर कात्री काढून पुसली, पाचर घातलेली जुनी कात्री प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवली आणि पंख्याखाली टांगलं. आकार तसाच राहिला. यासाठी एक मोडकी कात्री बाजूला ठेवावी, चांगली कात्री ओल्या म्यानात अडकून राहत नाही.

रात्री कात्री म्यानात ठेवायची नाही हा नियम सगळ्यांना सांगितलाय. चामडं हवेतली ओल धरतं आणि पात्याच्या धारेवर तपकिरी ठिपके येतात.

मधल्या पट्टीवर धारेची बारीक खाच पडलीय, टाके शाबूत आहेत. आजवरचा खर्च कंबरपट्ट्यासकट ७२० रुपये. काकींसाठी वेगळं म्यान करायला घेतलंय. त्यांची कात्री लहान आहे म्हणून ३ मिमीचं चामडं आणलं, मधली पट्टी पहिल्यापासूनच घातली, शिलाई नायलॉनची. पाचर मात्र दीड सेंटीमीटरची लागेल, त्यांच्या कात्रीची स्प्रिंग कमी फाकते. उद्या भिजवायला टाकतोय.